प्रभागातल्या सगळ्या उमेदवारांना एका मंचावर आणायचं, आणि ते स्थानिक पेपरात नीट छापून आणायचं: सुरुवातीपासून शेवटपर्यंत

महापालिकेची नाहीतर नगरपरिषदेची निवडणूक लागली की दारात पत्रकं येतात, रिक्षावरचे भोंगे येतात, पदयात्रा येतात, ओवाळून घेणारे येतात, पण उभे असलेले सगळेच्या सगळे एका वेळी समोर बसलेत आणि एकाच प्रश्नाचं उत्तर देतायत असं बघायला मिळत नाही. ते आपल्यालाच घडवून आणावं लागतं, आणि ते जमतं. सोसायट्यांचा एखादा गट, ज्येष्ठ नागरिक संघ, वाचनालय, महिला मंडळ, कोणीही पुढाकार घेऊ शकतं.

पण एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. हॉलमध्ये शंभर-दोनशे माणसं मावतात आणि प्रभागात मतदार हजारोंनी असतात, त्यामुळे सभा कितीही रंगली तरी जे छापून येत नाही ते दुसऱ्या दिवशी हवेत गेलेलं असतं. निवडून आलेला माणूस "मी असं बोललोच नव्हतो" म्हणाला तर तुमच्या हातात काय असणार? म्हणून माझं म्हणणं सरळ आहे, सभा घ्यायची ती नोंद तयार करण्यासाठी घ्यायची, आणि स्थानिक साप्ताहिक किंवा दैनिकाला पाहुणा म्हणून न बोलवता पहिल्या मीटिंगपासून सोबत घ्यायचं. पुढचं सगळं त्याच हिशोबाने लिहिलंय.

आधी तारखांचं गणित

इथेच बहुतेक प्रयत्न फसतात. जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकांचं वेळापत्रक आठवा: १५ डिसेंबरला कार्यक्रम जाहीर झाला, २३ ते ३० डिसेंबर अर्ज भरणं, २ जानेवारी माघारीचा शेवटचा दिवस, ३ जानेवारीला चिन्हवाटप आणि अंतिम यादी, आणि १५ जानेवारीला मतदान. म्हणजे नक्की कोण उभं आहे हे कळल्यानंतर हातात दोन आठवडेसुद्धा नाहीत. त्यात ३ तारीख शनिवार होती आणि १५ ला गुरुवार, त्यामुळे दर शनिवारी निघणाऱ्या साप्ताहिकाकडे सभेचा वृत्तांत छापायला १० जानेवारीचा एकच अंक होता. पानं लावायला दोन दिवस धरले तर सभा ७ जानेवारीपर्यंत व्हायलाच हवी होती. आपल्याकडे सभेची तारीख हॉल कधी मोकळा आहे ते बघून ठरते, ती पेपरचा अंक कधी निघतो ते बघून ठरली पाहिजे.

म्हणून आरक्षणाची सोडत निघाली आणि प्रभागाच्या हद्दी ठरल्या की लगेच कामाला लागा. समिती, हॉल, प्रश्न, निवेदक, पेपरशी बोलणं हे सगळं यादी यायच्या आधी होऊ शकतं, यादी आल्यावर फक्त निमंत्रणं जायला पाहिजेत. माहितीच्या अधिकाराचे अर्ज तर त्याहूनही आधी टाका कारण उत्तराला कायद्याने ३० दिवसांची मुदत आहे आणि तेवढे दिवस निवडणुकीच्या धामधुमीत मिळत नाहीत. माजी नगरसेवक पुन्हा उभे असतील तर सर्वसाधारण सभेतली हजेरी, विचारलेले प्रश्न, नगरसेवक निधी कुठे गेला, एवढं मागवून ठेवा. एक मात्र लक्षात घ्या, मुंबई-पुण्यासारख्या महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर जवळपास चार वर्षं प्रशासकच होता, तेव्हा त्या काळाचा जाब २०१७ साली निवडून आलेल्या नगरसेवकाला विचारणं बरोबर नाही.

आयोजक कोण, पैसा कोणाचा

समितीत पाच-सात माणसं पुरे, पण प्रत्येकाकडून एक साधं लेखी घ्या की मी कुठल्या पक्षाचा पदाधिकारी नाही, कुठल्या उमेदवाराचा नातेवाईक किंवा निवडणूक प्रतिनिधी नाही, आणि या निवडणुकीत कोणाचा प्रचार करणार नाही. लोकांना हे अती वाटतं, पण पहिला आक्षेप इथूनच येतो. गल्लीतलं मंडळ आयोजक असेल तर त्याच्या मंडपावर इतकी वर्षं कोणाचा फोटो लागायचा हे सगळ्यांना माहीत असतं.

ज्या नागरिक गटाने स्वतःचा उमेदवार दिलाय त्यांनी सभा घेऊ नये. नागरिकांनी उमेदवार देणं चांगलंच आहे, २००७ मध्ये मुंबईत जुहूच्या रहिवाशांनी अॅडॉल्फ डिसोझा यांना उभं करून महापालिकेत पाठवलं होतं, पण उमेदवार देणं आणि सगळ्यांसाठी मंच उभा करणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि ती एकाच हाताने होत नाहीत.

पैसे नागरिकांकडून छोट्या रकमांत गोळा करा, जमा-खर्च सभेच्या दिवशी दारावर लावा. उमेदवाराने "चहापाण्याचं मी बघतो" म्हटलं की नम्रपणे नाही म्हणायचं. हॉल, माईक, खुर्च्या यातलं काहीही कुठल्याही पक्षाच्या माणसाकडून फुकट घेऊ नका, अगदी नेहमी देत असला तरी.

परवानग्या

हे रुक्ष आहे पण टाळू नका. स्थानिक निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, भारत निवडणूक आयोग नाही, त्यामुळे आचारसंहितेचे आदेश राज्य आयोगाचेच बघायचे. तुमच्या प्रभागाच्या निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला पत्र द्या, त्यात लिहा की सर्व उमेदवारांना समान निमंत्रण आहे, कोणाचाही प्रचार नाही, खर्च नागरिकांचा आहे, आणि या खर्चाबद्दल किंवा आयोजनाबद्दल काही सूचना असतील तर लेखी द्याव्यात. पोच घ्या. पोलीस ठाण्यात वेगळा अर्ज, ध्वनिक्षेपकाचा त्यातच. रात्री १० नंतर लाउडस्पीकर चालत नाही, म्हणून साडेसहाला सुरू करून नऊपर्यंत संपवा. जाहीर प्रचार कधी थांबतो ते कार्यक्रमपत्रिकेत बघून सभा त्याच्या बरीच आधी घ्या. देवळाचा सभामंडप किंवा कुठलंही प्रार्थनास्थळ घेऊ नका, आचारसंहितेत ती जागा प्रचाराला चालत नाही आणि उमेदवार येऊन बोलणार म्हणजे वाद होणारच. पत्रक छापलंत तर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव खाली टाका.

चार जागा, चार मतं, आणि पॅनलची भानगड

मुंबईत २२७ प्रभागांत एक-एक नगरसेवक, तिथे सोपं आहे. बाकीच्या महापालिकांत एका प्रभागात बहुतेक ठिकाणी चार जागा असतात, अ ब क ड, आणि मतदार चार मतं देतो. प्रत्येक जागेवर पाच-सहा जण धरले तरी मंचावर वीस-पंचवीस माणसं होतात आणि सगळ्यांना एकत्र बसवलंत तर कोणाच्याही वाट्याला धड पाच मिनिटं येत नाहीत.

तेव्हा जागेप्रमाणे चार फेऱ्या करा. अ जागेचे सगळे मंचावर, त्यांचं झालं की उतरले, मग ब. प्रत्येक फेरी अर्धा तास. लोकांनाही यातून कळतं की अ मधल्याची स्पर्धा अ मधल्याशीच आहे, कारण खूप मतदारांना मशीनसमोर उभं राहीपर्यंत हे नीट माहीत नसतं. उमेदवार फारच असतील तर दोन संध्याकाळी करा. नगरपरिषदेत प्रभागात साधारण दोन जागा असतात, पण नगराध्यक्ष थेट लोकांतून निवडला जातो, तर नगराध्यक्षपदाची सभा वेगळी आणि गावपातळीवर घ्या, तिला गर्दीही जास्त होते.

आता पॅनल, म्हणजे एका पक्षाचे प्रभागातल्या सगळ्या जागांवरचे उमेदवार मिळून. पक्षाकडून निरोप येणारच, "आमच्या पॅनलतर्फे एकच जण बोलेल", आणि तो एक जण बहुतेक वेळा सगळ्यात जुना गडी असतो. हे मान्य करू नका. मतदार पॅनलला एक मत देत नाही, चार माणसांना चार मतं देतो. विशेषतः महिलांसाठी राखीव जागांवरच्या उमेदवारांच्या वतीने नवरा, दीर, मुलगा बोलायला उठतो, तिथे नियम एकच: जिचं नाव मतपत्रिकेवर आहे तीच बोलेल. अर्ध्या जागा महिलांच्या आहेत, त्यांना स्वतःच्या तोंडाने बोलताना ऐकणं हा तर या सभेचा मोठा फायदा आहे, आणि अनुभव असा आहे की संधी मिळाली की या बायका पाण्याच्या वेळा, गटारं, शाळा याबद्दल पुरुषांपेक्षा जास्त नेमकं बोलतात.

निमंत्रण

सगळ्यांना एकाच दिवशी, एकच मजकूर, छापील पत्र हातात देऊन पोच आणि शिवाय व्हॉट्सअॅप. अपक्ष आणि बंडखोर सोडू नका, "याला शंभर मतं पडणार नाहीत" हे ठरवायचा अधिकार तुमचा नाही. मजकूर साधा ठेवा:

"प्रभागातील सर्व उमेदवारांना हेच निमंत्रण दिले आहे. प्रत्येक जागेच्या उमेदवारांना समान प्रश्न व समान वेळ मिळेल. पहिले चार प्रश्न सोबत जोडले आहेत, बाकीचे नागरिकांकडून चिठ्ठीने येतील. प्रतिनिधी पाठवता येणार नाही. येणे शक्य नसल्यास त्याच चार प्रश्नांची प्रत्येकी ६० शब्दांत लेखी उत्तरे सभेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी १२ पर्यंत द्यावीत, ती वर्तमानपत्रात इतरांच्या उत्तरांसोबत छापली जातील. उत्तर न आल्यास तशी नोंद छापली जाईल."

शेवटची दोन वाक्यं कामाची आहेत. मोठ्या पक्षाचा निवडून येणारच असं मानणारा उमेदवार सभेला यायला टाळाटाळ करतो कारण त्याला काही मिळवायचं नसतं, पण पेपरात आपल्या नावापुढे "उत्तर दिले नाही" छापलेलं दिसणार म्हटल्यावर विचार बदलतो. मात्र मंचावर रिकामी खुर्ची ठेवून तिची टिंगल करणं टाळा. निवेदकाने एकच वाक्य बोलावं, निमंत्रण अमुक तारखेला पोचलं, उत्तर आलं नाही किंवा अमुक कारण कळवलं, आणि पुढे जावं.

प्रश्न, म्हणजे खरं काम

यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. नगरसेवकाला कायदा-सुव्यवस्था, एसटीचं भाडं नाहीतर पेट्रोलचा भाव विचारून काही उपयोग नाही, त्याला सोयीचंच होतं ते, भाषण ठोकून मोकळा होतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम ६३ काढून वाचा (मुंबईचा कायदा वेगळा आहे), त्यात महापालिकेला करावीच लागणारी कामं दिली आहेत आणि कलम ६६ मध्ये ऐच्छिक. पाणी, गटारं, कचरा, रस्ते, दिवे, प्राथमिक शिक्षण, दवाखाने, स्मशानं. प्रश्न याच्या आतला हवा.

आणि प्रश्न असा हवा की त्याला "प्रयत्नशील राहू" हे उत्तर बसूच नये. "पाण्याचा प्रश्न कसा सोडवणार?" हा वाईट प्रश्न. "आपल्या प्रभागाच्या वरच्या भागात पाणी दिवसाआड येतं, खालच्या भागात रोज. पहिल्या वर्षात तुम्ही यासाठी कोणतं एक काम मागणार, आणि ते कोणत्या समितीत मांडणार?" हा चांगला. इथे माणूस एकतर नेमकं बोलतो नाहीतर त्याला माहीत नाही हे सगळ्यांना दिसतं. "आम्ही पाठपुरावा करू" आलं तर निवेदकाने फक्त एवढंच विचारायचं, "कोणाकडे आणि कधीपर्यंत?" आवाज न चढवता, आणि हाच जोडप्रश्न प्रत्येकाला, आवडत्यालाही आणि नावडत्यालाही.

मी असते तर हे प्रश्न ठेवलेच असते. स्थायी समितीत (मुंबई सोडून बाकी महापालिकांत) १६ सदस्य असतात आणि पैशाचे मोठे निर्णय तिथे होतात, तिथले निर्णय तुम्ही लोकांना कसे कळवणार? पक्षाने व्हिप, म्हणजे सभागृहात मत कसं द्यायचं याचा आदेश, काढला आणि तो प्रभागाच्या विरोधात असला तर काय करणार, कारण १९८६ च्या अनर्हता कायद्याने व्हिप मोडणाऱ्याचं पद जाऊ शकतं आणि याचं उत्तर देताना माणूस कसा आहे ते कळतं. नगरसेवक निधी बाकांवर आणि नामफलकांवर न घालवता कशावर खर्च करणार, एक काम सांगा. आणि शपथपत्रातली माहिती. २००२ आणि २००३ मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांपासून उमेदवाराचे गुन्हे, मालमत्ता, शिक्षण मतदाराला कळणं हा हक्क मानला गेलाय, ते शपथपत्र सार्वजनिक आहे, निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे मिळतं. त्यावर प्रश्न विचारायचा तर शपथपत्रात लिहिलंय तेवढंच वाचून विचारा, "म्हणे", "ऐकलंय" असलं काही नको.

चिठ्ठीने येणारे प्रश्न दोघांनी चाळायचे, एकसारखे एकत्र करायचे, जातीवर, धर्मावर, घरच्यांवर असतील ते बाजूला. चाळलेल्या सगळ्या चिठ्ठ्या मात्र जपून ठेवा, कोणी म्हणालं आमचा प्रश्न दाबला तर दाखवता येतात.

सभेची संध्याकाळ

निवेदक बाहेरच्या प्रभागातला घ्या, शिक्षक, वकील, निवृत्त अधिकारी, ज्याला मधे थांबवायची लाज वाटत नाही असा. बसायचा क्रम आणि बोलायचा क्रम चिठ्ठी टाकून, सगळ्यांसमोर. उत्तराला ९० सेकंद, ७५ ला पिवळं कार्ड, ९० ला घंटा, घंटेनंतर माईक बंद. माईकवाल्याला हे आधी सांगून ठेवा नाहीतर तो बिचारा घाबरतो. हॉलमध्ये झेंडे, उपरणी, चिन्हं, घोषणा नाहीत, हे दारावर मोठ्या अक्षरात लावा. कार्यकर्ते पुढच्या रांगा धरून बसतात, तर पुढच्या तीन रांगा ज्येष्ठ आणि महिलांसाठी राखून ठेवा, वातावरण आपोआप निवळतं.

पूर्ण व्हिडिओ आणि वेगळं ऑडिओ रेकॉर्डिंग, दोन फोनवर. हे पेपरसाठी सगळ्यात महत्त्वाचं आहे.

आता पेपरवाल्यांसाठी

सभेची बातमी म्हणजे "उमेदवारांची जुगलबंदी रंगली" नाही. अमुक जण भडकले, तमुकला टाळ्या पडल्या, या बातमीने मतदाराचं काहीच भलं होत नाही आणि टाळ्या तर कार्यकर्तेच वाजवतात. जागा असेल तेवढी एका तक्त्याला द्या. उभ्या रकान्यात उमेदवार, मतपत्रिकेच्या क्रमाने, आडव्या ओळीत चार प्रश्न, आणि प्रत्येक चौकोनात त्याचं उत्तर त्याच्याच शब्दांत, रेकॉर्डिंग ऐकून उतरवलेलं. काटछाट करावी लागली तर सगळ्यांची सारख्या शब्दांपर्यंत. "पाठपुरावा करू" म्हणाला असेल तर तेच छापा, सुधारून "ठोस उपाययोजना करण्याचे आश्वासन दिले" असं लिहू नका, आपल्या पत्रकारितेतली ही सवय उमेदवाराला फुकटचा शहाणपणा बहाल करते. न आलेल्याच्या चौकोनात त्याचं लेखी उत्तर, "लेखी" अशी खूण करून. तेही नसेल तर "उत्तर दिले नाही".

फोटो सगळ्यांचे एकाच मापाचे. नसेल तर कोणाचाच नको.

तक्त्याखाली एक छोटी चौकट तपासणीची. उमेदवाराने आकडा किंवा दावा केला असेल, "मी इतक्या किलोमीटरची ड्रेनेज लाइन टाकली", तर महापालिकेच्या कागदाशी ताडून काय आढळलं ते दोन ओळींत. ताडता आलं नाही तर "पडताळता आले नाही" एवढंच. चूक निघाली तर छापायच्या आधी उमेदवाराला फोन करून त्याचं म्हणणं घ्या, हे न करता छापलं तर मतदानाच्या आधी खुलासा छापायला तुमच्याकडे पुढचा अंकच नसतो. संपादकाचं मत वेगळ्या पानावर, नाव टाकून.

आणि जाहिराती. छोट्या पेपरला निवडणूक म्हणजे वर्षभराची कमाई, हे खरं आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण जाहिरात जाहिरातीसारखी दिसली पाहिजे, वर "जाहिरात" लिहिलेली, वेगळ्या टाइपात, दर सगळ्यांना एकच. सभेच्या तक्त्याच्या पानावर एकाही उमेदवाराची जाहिरात नको. "पॅकेज" देऊन मुलाखत छापणं म्हणजे पेड न्यूज, प्रेस कौन्सिलने २०१० मध्ये यावर सविस्तर अहवाल दिला होता, आणि परिणाम उमेदवारालाही भोगावे लागतात: उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना २००७ च्या निवडणुकीतल्या पेड न्यूजचा खर्च दाखवला नाही म्हणून भारत निवडणूक आयोगाने २०११ मध्ये तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं. पॅकेज मागणाऱ्या उमेदवाराच्या माणसाला हे उदाहरण सांगायला हरकत नाही.

अंक निघाला की त्या पानाचा फोटो सोसायट्यांच्या ग्रुपवर टाका, पण पूर्ण पान. एका उमेदवाराचा चौकोन कापून फिरवायला सुरुवात होतेच, तेव्हा पानाच्या वर ठळक लिहा की सर्व उमेदवारांची उत्तरं पान अमुकवर, म्हणजे कापलेला तुकडा बघणाऱ्याला बाकीचं आहे हे तरी कळेल.

निकालानंतर

इथे बहुतेक जण थांबतात आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. निवडून आलेल्यांची उत्तरं वेगळी काढून, रेकॉर्डिंगसकट, वाचनालयात एक प्रत, पेपरच्या कार्यालयात एक प्रत आणि नगरसेवकाला एक प्रत, पोच घेऊन. मग पहिलं अंदाजपत्रक. आयुक्त ते स्थायी समितीसमोर मांडतात, छापील प्रत आणि महापालिकेच्या वेबसाइटवर पीडीएफ मिळते, त्यात आपल्या प्रभागाचं नाव शोधा आणि सभेत सांगितलेलं ते "एक काम" तिथे आहे का बघा. असेल तर किती रक्कम, नसेल तर नगरसेवकाला फोन करून का नाही हे विचारा आणि पेपरने तोच तक्ता पुन्हा छापावा, फक्त शेवटी एक नवा रकाना जोडून: "अंदाजपत्रकात तरतूद". दरवर्षी अंदाजपत्रक आलं की पुन्हा तोच तक्ता, रकान्यांची भर घालत, पुढच्या आरक्षण सोडतीपर्यंत.